बडोदेकर, हिराबाई

(३० मे १९०५ – २० नोव्हेंबर १९८९). किराणा घराण्याच्या गायिका आणि संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री. मूळ नाव चंपाकली. जन्म मिरज (सध्याचा सांगली जिल्हा) येथे. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. अब्दुल वहीद खाँ आणि बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडे त्यांचे संगीतशिक्षण झाले.

सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा सीतेची भूमिकाही पुरुषाकडेच होती. पुढे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेचे असे मानदंड घालून दिले की प्रत्यक्ष स्त्रीने त्याच भूमिकेत उभे राहणे हेच धाडस ठरावे. ते हिराबाईंनी केले. आईच्या नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतून १९२९ पासून त्या रंगमंचावर आल्या. या मंडळीत स्त्रीभूमिका स्त्रियाच करीत. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे याही नाटकांत असत. ‘सौभद्र’मधील हिराबाईंची सुभद्रा विशेष गाजली. अभिनयापेक्षा गाणे वरचढ होते, हे मान्य करावे लागेल. पण हळुवार, नितळ सूर आणि पदाचा अनावश्यक विस्तार टाळणारी गायकी नाट्यपदांना मानवली. अत्तराच्या फायासारखा हा आवाज थोडक्यातच दरवळे.

काही वर्षांतच कंपनी कर्जात बुडाली व बंद पडली. बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेण्याचाच तो काळ. हिराबाईंनी मैफली करून देणी फेडली. ‘सुवर्ण मंदिर’सारख्या चित्रपटांतही त्या दिसल्या, मात्र त्यांचा खरा मुक्काम मैफलीतच राहिला. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६५) व पद्मभूषण (१९७०) हे सन्मान त्यांना लाभले. पुणे येथे निधन.