बिबा उततो तेव्हा

हिवाळा. गडचिरोलीच्या रानात हाताला तेल-राख चोळून एक बाई बिबे वेचते आहे. तुम्ही एक फळ दाबून बघता आणि सालीतलं काळं तेल मनगटावर उडतं. दोन दिवसांनी तिथे कंड सुटते, मग पाण्याचे फोड येतात. "बिबा उतला," ती म्हणते, "खाजवू नका जी."

एखादा पदार्थ कातडीला काय करतो, हे इथे माणसाच्या अंगावरच कळत आलं आहे. प्रयोगशाळेत ते कसं कळत होतं, हे पाहायला १९४४ सालात, अमेरिकेत चला. सरकारी विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांची पद्धत नुकतीच प्रसिद्ध झाली आहे. सशाची पाठ भादरलेली, त्यावर रसायनाची पट्टी बांधलेली. २४ तासांनी आणि ७२ तासांनी लाली व सूज पाहून शून्य ते चार गुण. ससा हलू शकत नाही. शिवाय त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, म्हणून उत्तरही पुरतं माणसाचं नाही.

१९७५. राइनवाल्ड आणि ग्रीन हे शास्त्रज्ञ माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवतात. पुढच्या काही दशकांत त्यातूनच त्वचेचे थर उभे राहतात. तुम्ही वाकून बघा: शस्त्रक्रियेत उरलेल्या, संमतीने दिलेल्या कातडीतल्या पेशी सच्छिद्र पडद्यावर पसरल्या आहेत. खालून पोषक द्रव, वरून हवा. हवा लागली की वरचा थर खऱ्या त्वचेसारखा राठ होतो. त्यावर रसायन लावून धुतात, मग पिवळा रंग देतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर रसायन दाहक. २०१० साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही चाचणी मान्य केली. २०१४ साली भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या.

या त्वचेत रक्त नाही, प्रतिकारपेशी नाहीत. बिब्यासारखी ॲलर्जी ओळखायला इतर पेशी-चाचण्यांची जोड लागते. अंगभर भिनणारं विष तर ती एकटी सांगूच शकत नाही. तरीही तिचं काम मोठं आहे.

कारण आता तुम्ही २०१७ सालच्या यवतमाळात आहात. कपाशीवर फवारणी करताना श्वासातून, कातडीतून विष भिनलं. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना-राजुऱ्यातही तीच कपाशी, पाठीवर तसेच पंप. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळली जातात. डब्यावरची सूचना मात्र एकाच औषधाची असते.

अशी मिश्रणं किती सशांवर तपासणार? वाढवलेल्या त्वचेवर त्यांचा दाहकपणा तरी एकामागून एक तपासता येतो. सौंदर्यप्रसाधनांपुरती सशाची सुटका झाली, हे चांगलंच झालं. आता हीच त्वचा फवारणाऱ्याच्या आणि बिबे वेचणारीच्या कामी यायला हवी. मिश्रणांचा निकाल डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत छापा, आणि हातमोजे त्याच दुकानात डब्यासोबत द्या.