जॅझ शिकणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर : निवड कशी करावी?

अमेरिकेतील शाळांना जूनच्या सुमारास दीर्घ सुटी लागते. या काळात तेथील विद्यापीठे, संगीत महाविद्यालये आणि कलासंस्था किशोरवयीन वादकांसाठी जॅझची शिबिरे भरवितात. शाळेच्या जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन वा ड्रम वाजविणारी मुले आज तेथील मराठी घरांतही आहेत. शास्त्रीय संगीताची तालीम कशी असते, हे यांपैकी अनेक घरांना ठाऊक असते. मात्र जॅझ शिबिरांची माहितीपत्रके समोर आली की कोणत्या कसोटीवर निवड करावी, हे उमगत नाही. मग ज्या संस्थेचे नाव मोठे, तिच्याकडे अर्ज जातो. निवासी शिबिराचा खर्च काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि शालेय वयात असे उन्हाळे तीन-चारच हाती लागतात. म्हणूनच संस्थेच्या नावापेक्षा आपल्या पाल्याच्या वादनात नेमके काय उणे आहे, याचा विचार आधी व्हावयास हवा.

शिबिरांची परंपरा

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेनॉक्स येथे १९५७ ते १९६० या काळात दर उन्हाळ्यात ‘स्कूल ऑफ जॅझ’ भरत असे. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे पियानोवादक जॉन लुईस तिचे संचालक होते. विद्यार्थ्यांचे लहान लहान वाद्यवृंद करून प्रत्येकास एक कलावंत-शिक्षक नेमून दिला जाई. पुढे जॅझला नवे वळण देणारे ऑर्नेट कोलमन १९५९ मध्ये येथे विद्यार्थी म्हणून आले होते. त्याच वर्षी बँडप्रमुख स्टॅन केंटन यांनी इंडियाना विद्यापीठात शालेय व महाविद्यालयीन वादकांसाठी शिबिर भरविले; तेथे भर होता तो बिग बँडवर. आजच्या बहुतेक शिबिरांत या दोन्ही प्रवाहांचे कमीअधिक मिश्रण आढळते.

बिग बँड आणि कॉम्बो

निवडीच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा. बिग बँडमध्ये साधारणतः सतरा वादक असतात : पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम ही चार वाद्ये. यातील संगीत बहुतांशी लिहिलेले असते आणि स्वतंत्र वादनाची संधी मोजक्यांच्याच वाट्यास येते. अनेक शाळांतील जॅझ शिक्षण या बँडभोवतीच फिरते. परिणामी चार वर्षे बँडमध्ये काढलेला विद्यार्थी स्वरलिपी अस्खलित वाचतो, परंतु कागद काढून घेतला की अडखळतो.

कॉम्बोमध्ये पाच ते सात वादक असतात. समोरच्या कागदावर केवळ मूळ धून आणि कॉर्डची खूण. पुढील सारे त्याच क्षणी रचावे लागते. ख्यालगायक रागाच्या चौकटीत उपज करतो, तसा जॅझवादक कॉर्डच्या आवर्तनात करतो. ही कला इतरांच्या संगतीत वाजवूनच येते. त्यामुळे ज्याने केवळ शालेय बँडमध्ये वाजविले आहे, त्याच्यासाठी कॉम्बोवर भर देणारे शिबिर अधिक लाभदायक ठरते. याउलट, घरी एकट्याने वाजविणाऱ्या पियानो वा गिटारवादकास बिग बँडमधील शिस्त आणि वाचनाचा सराव उपयोगी पडतो.

काही प्रमुख पर्याय

जिम नॅडेल यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या स्टॅनफर्ड जॅझ वर्कशॉपमध्ये किशोरवयीनांसाठी खास जॅझचे शिबिर असते. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाचा पाच आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम १५ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी आहे. तथापि तो केवळ जॅझपुरता नाही, रॉक, पॉप आदी शैलींचे विद्यार्थीही तेथे मोठ्या संख्येने येतात. मिशिगनमधील इंटरलॉकेन येथे १९२८ पासून शिबिर भरते; तेथे जॅझसोबत नाट्य, नृत्य, लेखन अशा अनेक कलांचे वातावरण लाभते. कार्नेगी हॉलने २०१८ मध्ये सुरू केलेला ‘एनवायओ जॅझ’ हा १६ ते १९ वयोगटातील निवडक अमेरिकी वादकांचा बिग बँड असून त्यात सहभाग विनाशुल्क असतो. अर्थात तेथील निवड अत्यंत चुरशीची असते.

अर्जापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• दिवसातून किती तास प्रत्यक्ष वादन आणि किती तास वर्ग असतात?
• एका कॉम्बोत किती वादक? शिक्षक पूर्ण वेळ सोबत असतो काय, आणि तोच शिक्षक अखेरपर्यंत राहतो काय?
• माहितीपत्रकावर छायाचित्र असलेले नामवंत कलावंत प्रत्यक्ष शिकविणार आहेत, की एक व्याख्यान देऊन परतणार आहेत?
• गट वयानुसार पाडतात की तयारीनुसार? आपल्याहून थोड्या सरस वादकांत बसलेला विद्यार्थी झपाट्याने शिकतो. फारच पुढच्या गटात पडला तर हिरमुसतो.
• निवासी शिबिरात रात्रीची देखरेख कोणाकडे? कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी होते काय?

ध्वनिमुद्रण आणि शुल्क

अनेक शिबिरे निवडीसाठी वा गट ठरविण्यासाठी ध्वनिमुद्रण मागवितात. त्यात बहुधा एक बारा मात्राखंडांचा ब्लूज आणि एक परिचित धून अपेक्षित असते. येथे अवघड रचना निवडण्याचा मोह टाळावा. ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘सी जॅम ब्लूज’ची धून अवघ्या दोन स्वरांची आहे, अशा साध्या रचनेवर लय सांभाळून, वाक्य पूर्ण करीत वाजविणारा विद्यार्थी परीक्षकांना अधिक आश्वासक वाटतो. आर्थिक साहाय्याच्या अर्जाची मुदत मुख्य अर्जाच्या आधी संपू शकते, हे ध्यानी ठेवावे. बास वा ट्रॉम्बोन वाजविणाऱ्यांची वाण असल्याने त्यांनी साहाय्याविषयी अवश्य विचारणा करावी.

जाण्यापूर्वीची तयारी

घरी तासभर वाजविणाऱ्या मुलास शिबिरात पाच-सहा तास वाजवावे लागते. ट्रम्पेटवादकाचे ओठ आणि ड्रमवादकाची मनगटे यांना तो ताण एकाएकी सोसत नाही. त्यामुळे तीन-चार आठवडे आधीपासून सराव हळूहळू वाढवावा. कानांचीही काळजी घ्यावी. आठ तासांच्या सहवासासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था सुचविते आणि बंद खोलीतील ड्रम व पितळी वाद्यांचा आवाज ती सहज ओलांडतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग सामानात असावेतच.

शेवटी, निवडीच्या चर्चेत मुलास सहभागी करून घ्यावे. सुटीत संगीताहून अन्य काही करण्याची त्याची इच्छा असल्यास तीही ऐकावी. दूरच्या निवासी शिबिराचा खर्च झेपत नसल्यास गावातील विद्यापीठाचे दिवसाचे शिबिर, सोबत चार मित्रांचा कॉम्बो आणि आठवड्यास एक शिकवणी, एवढ्यावरही उन्हाळा सार्थकी लागू शकतो.