काचमणी, जुने : ओळख
जुन्या माळेतील काचमण्यांचे वय सांगण्यापूर्वी त्यांची घडण पाहावी. तापलेली काच तारेवर गुंडाळून केलेल्या मण्यात रेषा व बुडबुडे छिद्राभोवती वळतात. ओढलेल्या पोकळ नळीचे तुकडे पाडून केलेल्या मण्यात ते छिद्राला समांतर, लांबट दिसतात. व्हेनिसच्या काचभट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. तेथे पुढे दोन्ही पद्धती रुळल्या. बोहेमियातील याब्लोनेत्स परिसरात साच्यात दाबलेले मणी विपुल बनले. त्यांच्यावर सांध्याची बारीक रेघ पुष्कळदा उरते. १९व्या शतकातील बोहेमियन युरेनियम काच अतिनील प्रकाशात हिरवी चमकते. पण ती नंतरही बनत राहिली, त्यामुळे चकाकीवर भिस्त ठेवणे भाबडेपणाचे. छिद्राच्या कडांची झीज अधिक बोलकी. दोरा मात्र पुरावा नव्हे. माळा पुनःपुन्हा ओवल्या जातात.