दाखल्यावरचा जिल्हा

समजा १९३५च्या सुमारास मंठ्याचं एक कुटुंब गाव सोडतंय. सोबत चौदा वर्षांचा मुलगा आहे. बिऱ्हाड कुठं मांडायचं?

भाडं, नातेवाईक हे बघायचंच. पण खरा पेच शाळेचा. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून. त्यामुळे शाळा निवडणं म्हणजे मुलाची भाषा निवडणं. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाकडं (१९१८) आणि सरकारी नोकरीकडं जाणारी वाट. दुसऱ्या बाजूला अंबाजोगाईची योगेश्वरी, जिथं स्वामी रामानंद तीर्थांनी काम केलं. तिथं पाठवलं तर पोरगं चळवळीत जाण्याचा धोका; न पाठवलं तर मराठी तुटण्याचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि हा हिशोबच बदलला.

अशी कुटुंबं शोधायची कशी? शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं बघा. ‘पूर्वीची शाळा’ आणि ‘शाळा सोडल्याचं कारण’ हे रकाने आधी वाचा. ‘वडिलांची बदली’ एवढ्या दोन शब्दांत अख्खं स्थलांतर असतं.

फक्त एक चूक टाळा. मंठा ‘जालना जिल्ह्यात’ शोधू नका. तो जिल्हा १ मे १९८१चा. त्याआधी मंठा परतूर तालुक्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात. चुकीच्या बस्त्यात शोधाल, तर कागद असूनही ‘पुरावा नाही’ असं लिहून बसाल. म्हणून आधी नकाशा, मग प्रश्न.