घटस्फोटाचा कागद आणि काउंटीचे दप्तर

विवाहाची नोंद कोठे सापडते, हे आपल्या कोणत्याही कुटुंबाला शिकवावे लागत नाही. धर्मग्रामाच्या कचेरीतील जाडजूड वही, तिच्यातील वधूवरांची आणि साक्षीदारांची नावे, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत समासात लिहिलेली लहानशी टीप. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली धर्मगुरूंनी विवाहाची नोंदवही ठेवावी असा दंडक घातला, आणि तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. मोडलेल्या विवाहाची नोंद कोठे असते, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. पडतो तेव्हा घरात लग्न ठरत आलेले असते. मुलीला अमेरिकेतले स्थळ आलेले असते, मुलगा सालस असतो. पण त्याचा तिकडे पूर्वी एक विवाह होऊन मोडलेला असतो. फादर शांतपणे सांगतात, "कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणा, मग पुढचे पाहू." त्या एका वाक्याने सारे घर गोंधळून जाते. म्हणून त्या कागदाचा इतिहास थोडक्यात पाहू.

इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्यापर्यंत विवाहाचे तंटे चर्चच्या न्यायालयांत चालत. विवाह पूर्णपणे मोडून पुनर्विवाहाची मोकळीक हवी असेल, तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. तो खर्च श्रीमंतांनाच परवडे. अटलांटिक ओलांडून गेलेल्या प्युरिटन मंडळींनी निराळी वाट धरली. विवाह हा संस्कार नसून दिवाणी करार आहे, असे मानून त्यांनी तो न्यायाधीशांकडे सोपवला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३९ साली पहिली पत्नी हयात असताना दुसरी केलेल्या एका पुरुषाचा विवाह न्यायालयाने मोडला. त्या वसाहतींतील हा पहिला घटस्फोट मानला जातो.

पुढे संयुक्त संस्थाने स्वतंत्र झाली, तरी विवाहाचा कायदा मध्यवर्ती सरकारकडे गेला नाही. तो प्रत्येक राज्याकडे राहिला. न्यूयॉर्कने १७८७ साली केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोटाची वाट मोकळी केली आणि १९६६ च्या सुधारणेपर्यंत तेच एक कारण ठेवले. साउथ कॅरोलायनात काही थोडी वर्षे सोडली तर १९४९ पर्यंत घटस्फोटच मिळत नसे. उलट नेव्हाडाने १९३१ साली वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि रिनो शहरात देशभरातून माणसे घटस्फोटासाठी येऊन राहू लागली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला.

राज्याच्या कायद्याखाली दावा चालतो तो बहुतेक ठिकाणी काउंटीच्या न्यायालयात. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान विभाग. असे तीन हजारांहून अधिक विभाग त्या देशात आहेत. गमतीची गोष्ट अशी, की लुइझियाना राज्यात काउंटी नाहीतच. तेथे चौसष्ट 'पॅरिश' आहेत. स्पॅनिश अमदानीतील कॅथलिक धर्मग्रामांच्या सीमांवरून ते नाव मुलकी कारभारात उतरले. म्हणजे तेथील घटस्फोटाचा कागद आजही 'पॅरिश'च्या कचेरीतच मिळतो, पण ती कचेरी चर्चची नव्हे, न्यायालयाच्या क्लार्कची!

हे दप्तर किती विखुरलेले आहे, याचा अनुभव खुद्द अमेरिकी सरकारने घेतला. देशात घटस्फोट किती होतात हे काँग्रेसला १८८७ साली जाणून घ्यावेसे वाटले, तेव्हा एकत्रित आकडा कोठेच नव्हता. श्रमविभागाचे आयुक्त कॅरोल राइट यांनी गावोगावच्या न्यायालयांत माणसे पाठवली आणि जुनी दप्तरे उघडायला लावली. १८८९ च्या त्यांच्या अहवालानुसार १८६७ ते १८८६ या वीस वर्षांत ३,२८,७१६ घटस्फोट झाले होते. पुढच्या वीस वर्षांचा आकडा ९,४५,६२५ निघाला. आजही हुकूमनामा हवा असेल, तर राइटसाहेबांच्या माणसांप्रमाणे त्या त्या काउंटीचेच दार ठोठवावे लागते.

येथे तीन कागदांतील फरक ध्यानात घ्यावा. पहिला दाखला: नावे, तारीख आणि ठिकाण एवढेच सांगणारा, काही राज्यांत आरोग्यखाते तो देते. दुसरा न्यायालयाचा हुकूमनामा: विवाह मोडल्याचा खरा पुरावा. तिसरे दाव्याचे संपूर्ण दप्तर: अर्ज, जबाब, मुलांचा ताबा, पोटगी. फादरांना लागतो तो बहुधा दुसरा. कॅलिफोर्नियाचे राज्य कार्यालय १९६२ ते जून १९८४ या काळापुरतेच नोंद असल्याचे प्रमाणपत्र देते. हुकूमनामा काउंटीच्या सुपीरियर कोर्टातच मिळतो. न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्याकडे १ जानेवारी १९६३ पासूनचे दाखले आहेत. हुकूमनामा काउंटी क्लार्ककडे असतो. तेथे हे दप्तर शंभर वर्षे बंद राहते. पक्षकार, त्यांचा वकील किंवा न्यायालयाची परवानगी मिळवणारा यांनाच ते पाहता येते. म्हणून अर्ज शक्यतो ज्याचा घटस्फोट झाला त्यानेच करावा.

अर्जात दोघांची पूर्ण नावे, पत्नीचे माहेरचे नाव, निकालाचे वर्ष आणि ठाऊक असेल तर दावा क्रमांक लिहावा. 'प्रमाणित प्रत' हवी असे स्पष्ट नमूद करावे. ओळखपत्राची प्रत आणि शुल्क जोडावे. लग्न कोठे झाले ते येथे उपयोगाचे नाही. दावा कोठे दाखल झाला ते महत्त्वाचे. काउंटी ठाऊक नसेल, तर दावा लावणारा त्या सुमारास कोठे राहत होता येथून शोध सुरू करावा. फार जुने कागद कधी राज्याच्या अभिलेखागारात गेलेले असतात, तर कधी नष्टही झालेले असतात. १८७१ च्या आगीत शिकागोचे न्यायालय दप्तरासह जळाले. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचेही बहुतेक दप्तर गेले.

साधी झेरॉक्स का चालत नाही, याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. तिरुपतीला लग्न झालेल्या एका गृहस्थाने मिसुरी राज्यातील सेंट लुइस काउंटीच्या न्यायालयातून, तेथे नव्वद दिवस वास्तव्य दाखवून, पत्नीच्या गैरहजेरीत घटस्फोट मिळवला आणि येथे येऊन दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीने फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने तो अमेरिकी निकाल मान्य केला नाही. त्याची रीतसर प्रमाणित न केलेली छायाप्रत पुरावा म्हणून ग्राह्य नाही, असेही बजावले. पक्षकार हिंदू होते. पण परकी निकाल केव्हा मानावा हे सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आपणा सर्वांना सारखेच लागू आहे. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे प्रमाणित प्रतीवर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून अपोस्टिल करून घेणे हिताचे.

इतके करूनही चर्चचे दार आपोआप उघडत नाही. न्यायालय करार मोडते; संस्कार मोडण्याचा अधिकार त्याला नाही. पहिला विवाह मुळातच अवैध होता, असा धर्मप्रांतीय न्यायालयाचा निर्णय झाल्याविना दुसरा विवाह करता येत नाही, असे धर्मविधीसंहितेचे कलम १०८५ सांगते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. पण त्या न्यायालयाच्या मेजावर ठेवायच्या कागदांत काउंटीचा हुकूमनामा असतोच.

घटस्फोटानंतर पुनर्विवाह करणाऱ्या कॅथलिकांना बहिष्कृत करण्याचा नियम अमेरिकन बिशपांनी १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत केला होता. तो १९७७ साली त्यांच्याच विनंतीवरून पोप पॉल सहावे यांनी उठवला. मधल्या ९३ वर्षांत तेथील किती घरांनी ही गोष्ट मुलाबाळांपासून लपवली असेल! आपल्याकडे असा नियम नव्हता, पण लपवण्याची सवय आहे. कागद मागितला की मुलाकडच्यांना अपमान वाटतो; न मागितला तर पुढे मुलीच्या वाट्याला दुःख येते. तो मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. मागवताना मात्र हुकूमनाम्यावरच थांबावे, संपूर्ण दप्तर उकरू नये. कारण त्यात आणखी एका स्त्रीचे नाव असते, आणि तिचेही कोठेतरी माहेर असते.