उन्हाने हालणारी मऊ यंत्रे

१८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकांनी उन्हावर चालणारे वाफेचे यंत्र मांडले. मोठा आरसा सूर्यकिरण बाष्पपात्रावर एकवटी, वाफ दट्ट्या ढकली आणि मग चाक फिरे. ऊन आणि गती यांच्यामध्ये एवढा धातूचा पसारा उभा होता. तो बाजूला सारून, प्रकाश पडताच स्वतः हालणारा मऊ पदार्थ मिळेल काय? या प्रश्नाच्या उत्तराचा धागा पुढे एका न जुळणाऱ्या मोजमापात सापडला.

अ‍ॅझोबेंझीन हा नारिंगी पदार्थ रसायनशास्त्राला १८३४ पासून परिचित होता. त्याच्या द्रावणाची मोजमापे प्रकाशात बदलत. याचे कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. एस. हार्टले यांनी १९३७ मध्ये उलगडले. प्रकाशाने त्याचा लांबट रेणू मध्येच मुडपतो. जंबुपार किरणांनी तो मुडपतो आणि निळा प्रकाश वा ऊब मिळाली की पुन्हा सरळ होतो. मात्र द्रावणातील असंख्य रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. त्यांची धडपड एकवटत नाही, म्हणून बाहेर काहीच हालत नाही.

उणीव होती ती शिस्तीची. द्रवस्फटिकांचे रेणू स्वभावतःच एका दिशेने रांग धरतात. ते लवचिक जाळ्यात गुंफले, तर रांग मोडताच सारा पदार्थ स्नायूसारखा आखडेल, अशी कल्पना फ्रान्सचे प्येर-झील द जेन यांनी १९७५ मध्ये मांडली. जर्मनीत हाइनो फिंकेलमान यांनी १९८१ मध्ये तसे रबर तयार केले. २००१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात अ‍ॅझोबेंझीनचे रेणू गोवले, तेव्हा केवळ जंबुपार प्रकाशाने ते सुमारे २० टक्के आखडले.

दोन वर्षांनी जपानमध्ये यानलेई यू, तोमिकी इकेदा व सहकाऱ्यांनी अशीच पातळ पटली हव्या त्या दिशेला वाकवून दाखविली. २००८ मध्ये अशा पटलीचा पट्टा दोन कप्प्यांवर चढविण्यात आला. एका बाजूस जंबुपार, दुसऱ्या बाजूस दृश्य प्रकाश टाकताच कप्प्या फिरू लागल्या. तेथे ना तार होती, ना विद्युत्‌घट.

तरीही हा प्रकाश दिव्याचा होता, आणि उन्हात जंबुपार किरण थोडेच असतात. म्हणून रेणूची घडण बदलण्यात आली. २००९ मध्ये उन्हातील दृश्य किरणांनीच वाकणारी पटली सिद्ध झाली.

मूशोंच्या यंत्राइतके बळ या पटलीत नाही. उन्हातील ऊर्जेचा फार थोडा अंश तिच्या हालचालीत उतरतो. परंतु ज्या चंचलपणाने एकेकाळी मोजमापे बिघडविली, तोच रांगेत बसविताच कामास आला, हा तिचा इतिहास विसरण्याजोगा नाही.