ठिपक्याची कुळकथा

गव्हाच्या ज्या पानावर तांबेरा ठाण मांडून बसला आहे, त्यावरून बोट फिरविले की तांबूस भुकटी बोटाला लागते. परंतु त्याच शेतात, त्याच वाऱ्यावर वाढलेल्या दुसऱ्या एखाद्या वाणाच्या पानावर भुकटीचा कणही आढळत नाही, आढळतो तो टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता त्यातील पेशी मेलेल्या व बुरशीचा तंतू त्यांच्यात उपाशी खुंटलेला दिसतो. रोगाची खूण वाटणारा हा ठिपका वस्तुतः रोग परतवून लावल्याचा दाखला आहे, आणि त्याचा अर्थ लागायला विसावे शतक उजाडावे लागले.

सिलोनात १८८० ते १८८२ या काळात कॉफीवरील तांबेऱ्याचा तपास करून आलेले व पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झालेले हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १९०२ साली ब्रोम गवतावरील तांबेऱ्याविषयी निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की जे गवत रोगाला दाद देत नाही, त्याच्या पेशी कणखर असतात असे नसून उलट शत्रूचा स्पर्श होताच त्या झपाट्याने मरतात. मिनेसोटातील ई. सी. स्टेकमन यांनी १९१५ साली या वर्तनाला 'हायपरसेन्सिटिव्हनेस' हे नाव दिले; आपण त्याला अतिसंवेदनशीलता म्हणतो. नाव मला फार यथार्थ वाटते. तांबेऱ्याला अन्न मिळते ते केवळ जिवंत पेशीतून. सभोवतालच्या मोजक्या पेशींनी प्राण सोडले की त्याची रसद तुटते, आणि ठिपक्यापलीकडचे सारे पान हिरवे राहते. हे मरण अपघाती नव्हे. त्याचा हुकूम जनुकाकडून सुटतो.

अशा एका जनुकाचा वंशवृत्तांत येथे सविस्तर सांगावासा वाटतो. दक्षिण अमेरिकेतून १९२७ साली संयुक्त संस्थानांत आलेल्या 'व्हिक्टोरिया' नामक ओटमध्ये ते होते. पैदासकारांच्या दप्तरात त्याची नोंद पीसी-२ अशी झाली. ज्याच्या बीजाणूंच्या माथ्यावर मुकुटासारखे दाते असतात, त्या ओटवरील तांबेऱ्याचा ते इतका पक्का बंदोबस्त करी की त्याच्या संकरातून निघालेले विकलँड, टामा, बून हे वाण चाळिशीच्या दशकात मध्य-पश्चिमेकडील शेतांतून सर्वत्र पसरले. आणि मग १९४६ साली आयोवातून फ्रान्सिस मीहान व एच. सी. मर्फी यांनी कळविले की या वाणांवर, नेमक्या याच वाणांवर, एक अपरिचित करपा पडला आहे. रोपाचे बूड करपत होते आणि पाने वाळत होती. शेजारच्या तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या जुन्या वाणांना मात्र त्याची झळ नव्हती. बुरशीचे नावही ओटवरूनच पडले, हेल्मिंथोस्पोरियम व्हिक्टोरी, आणि ती जे विष सोडते त्याचे व्हिक्टोरिन. ज्या शेतकऱ्याने तांबेऱ्याच्या भयातून सुटण्यासाठी मोठ्या विश्वासाने हे बियाणे पेरले, त्याच्या पदरी ही आपत्ती यावी याचे मला आजही वाईट वाटते.

संकराच्या पिढ्यानुपिढ्या पाहिल्या तरी तांबेऱ्याला रोखणारा गुण आणि करप्याला बळी पडणारा गुण जोडीनेच वारसाने येत. एच. डब्ल्यू. राइन्स व एच. एच. लूक यांनी १९८५ साली ऊतिसंवर्धनात ओटच्या पेशी व्हिक्टोरिनच्या सान्निध्यात वाढविल्या आणि ज्या तगल्या त्यांपासून रोपे तयार केली. विषाला ती दाद देत नव्हती, पण व्हिक्टोरियाचा तांबेरा-प्रतिकारही त्यांच्यापाशी उरला नव्हता. ज्वारीतही असेच घडले आहे: अमेरिकेतील मायलो ज्वारीला मर आणणाऱ्या पेरिकोनिया बुरशीला बळी पाडणारे जनुक रोगप्रतिकारक जनुकांच्याच घराण्यातले निघाले.

हे दोन गुण असे जोडीने का येतात याचा उलगडा झाला तो मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपट्यावर. ओरेगन येथील जेनिफर लोरांग, थॉमस वोल्पर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले की तेथे व्हिक्टोरिनला बळी पडण्यास कारण होणारे 'लव्ह-१' हे जनुक बांधणीने चोख रोगप्रतिकारक, म्हणजे शत्रूची चाहूल घेणारे पहारेकरी जनुक आहे, आणि २०१२ साली त्यापुढची कडीही जुळली. पेशीत थायोरेडॉक्सिन वर्गातील एक प्रथिन असते आणि पहारेकऱ्याची नजर त्यावर खिळलेली असते. व्हिक्टोरिन नेमके त्या प्रथिनाला जाऊन चिकटते, पहारेकरी चोर शिरल्याचे समजून आपल्या शिरस्त्याप्रमाणे पेशीच्या मृत्यूचा हुकूम सोडतो, आणि जी बुरशी मेलेल्या पेशींवरच पोसली जाते ती त्या पानात निर्वेधपणे पसरू लागते.